अणुयुद्धाचा धोका आणि मित्रदेशांची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुयुद्धाची चर्चा बहुतेक वेळा वॉशिंग्टन, मॉस्को आणि बीजिंग या राजधान्यांभोवतीच फिरते. या महासत्तांशी संरक्षण करारांनी बांधलेले, पण स्वतःजवळ एकही अण्वस्त्र नसलेले तीसहून अधिक देश जगात आहेत. त्यांची विमानतळे, रडार केंद्रे, बंदरे आणि मतेही अण्वस्त्रांच्या व्यवस्थेत वापरली जातात. धोका कमी करण्यासाठी या देशांना प्रत्यक्षात काय करता येते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न: येथे ‘मित्रदेश’ म्हणजे नेमके कोणते देश अभिप्रेत आहेत?

आज नऊ देशांकडे मिळून सुमारे 12,000 अण्वस्त्रे आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ नऊ दशांश अमेरिका आणि रशिया या दोघांकडे आहेत. नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीच्या 32 सदस्यांपैकी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स हे तीन देश अण्वस्त्रधारी आहेत; उरलेले 29 देश, तसेच जपान, दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलिया हे अमेरिकेच्या संरक्षणाच्या हमीवर विसंबून आहेत. रशियाच्या बाजूला बेलारूस आहे. या हमीला ‘अण्वस्त्र छत्र’ म्हणण्याची पद्धत आहे, पण हा शब्द थोडा फसवा आहे. छत्री पाऊस अडवते. हे छत्र क्षेपणास्त्र अडवत नाही. तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही हल्लेखोराला उद्ध्वस्त करू, एवढेच आश्वासन त्यात असते, आणि ते खरे करण्याची वेळ आली तर छत्राखालचा देशही बहुधा शिल्लक राहणार नाही.

प्रश्न: बटण दुसऱ्याच्या हाती असताना मित्रदेश करू तरी काय शकतात?

त्यांच्या हाती तीन गोष्टी असतात: आपल्या भूमीवर कशाला परवानगी द्यायची, संरक्षक देशाकडे कोणत्या आश्वासनांची मागणी करायची, आणि त्याला कोणती माहिती, कोणते कटू सत्य वेळेवर सांगायचे. तिसऱ्या गोष्टीचे मोल सहसा लक्षात येत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो.

5 ऑक्टोबर 1960 रोजी ग्रीनलंडमधील थुले येथील नव्या अमेरिकी रडारने सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला होत असल्याचा इशारा दिला. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून चालवलेल्या नोराड या संयुक्त लष्करी कमांडचे उपप्रमुख रॉय स्लेमन हे कॅनडाचे एअर मार्शल होते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह या क्षणी कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. ते संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कमध्ये होते. आपला नेता ज्या शहरात आहे त्या देशावर मॉस्को हल्ला करील हे संभवत नव्हते, आणि रडारला दिसले होते ते क्षितिजावर उगवणाऱ्या चंद्रावरून परतलेले तरंग होते. कमांडच्या खोलीत दुसऱ्या देशाचा, हुद्द्याने पुरेसा वरिष्ठ माणूस असणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नसते.

प्रश्न: एखाद्या मित्रदेशाने महासत्तेला खरोखर आवरले आहे का?

‘आवरले’ हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण निर्णयामागची कारणे अनेक असतात. तरीही दोन उदाहरणे ठळक आहेत.

कोरियातील युद्ध अमेरिकेच्या अंगावर उलटत असताना, 30 नोव्हेंबर 1950 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पत्रकार परिषदेत अणुबॉम्बचा वापर विचाराधीन असल्याचे सांगितले. लंडनमध्ये खळबळ उडाली आणि पंतप्रधान क्लेमंट ॲटली काही दिवसांतच वॉशिंग्टनला पोहोचले. ब्रिटनला विचारल्याशिवाय बॉम्ब वापरणार नाही, असे ट्रुमन तोंडी म्हणाले. त्यांच्या सल्लागारांनी मात्र ते लेखी येऊ दिले नाही. अखेरच्या संयुक्त निवेदनात बॉम्ब वापरण्याची वेळ कधीच येऊ नये अशी आशा आणि ब्रिटिश पंतप्रधानांना परिस्थितीची माहिती देत राहण्याची इच्छा, एवढेच उरले. कायद्याच्या दृष्टीने ॲटली जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. राजकीयदृष्ट्या मात्र बॉम्ब वापरण्याची किंमत मित्र गमावण्याइतकी मोठी असेल, हे व्हाइट हाउसला स्पष्ट कळले होते.

दुसरे उदाहरण 1983 सालचे आहे. नोव्हेंबर महिन्यात नाटोने अण्वस्त्रांच्या वापराच्या आदेशप्रक्रियेचा सराव केला, आणि हा सराव म्हणजे खऱ्या हल्ल्यावरचे पांघरूण असावे अशी भीती सोव्हिएत संघातील काहींना वाटली. धोका नेमका किती जवळ आला होता याबद्दल इतिहासकारांत अजून मतभेद आहेत. केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेत राहून ब्रिटनसाठी काम करणारे ओलेग गॉर्डिएव्हस्की यांनी ही भीती लंडनला कळवली आणि ब्रिटनने ती अमेरिकेपर्यंत पोहोचवली. समोरचा आपल्याला खरोखर घाबरतो, हे रेगन प्रशासनाला सहजी पटणारे नव्हते. आपल्या हेतूंबद्दल आपल्याला शंका नसते, म्हणून दुसऱ्यालाही नसावी असे प्रत्येकाला वाटते. मित्राने सांगितले म्हणून ते निदान ऐकले तरी गेले.

प्रश्न: मित्रदेशांमुळे धोका वाढल्याचीही उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्युबात आणल्यामुळे ऑक्टोबर 1962 मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगात क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी ख्रुश्चेव्ह यांना पत्र लिहून, अमेरिकेने क्युबावर आक्रमण केल्यास तिला पहिला अण्वस्त्र प्रहार करण्याची संधी देऊ नये, असे सुचवले. ख्रुश्चेव्ह त्या पत्राने हादरले. त्याच पेचात दुसऱ्या बाजूचा मित्रदेश तुर्कस्तान होता. तेथील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे आश्वासन केनेडी यांनी मॉस्कोला दिले. ते मित्रदेशांपासून लपवावे लागले, कारण आपल्या सुरक्षेचा सौदा झाला असे तुर्कस्तानला आणि इतरांना वाटले असते. क्षेपणास्त्रे एप्रिल 1963 पर्यंत हलवली गेली. ती जुनाट आणि सहज हल्ला होण्याजोगी होती, त्यामुळे त्यांचा लष्करी उपयोग फारसा नव्हता. तरीही संरक्षणाची खूण म्हणून तुर्कस्तानला ती हवी होती, आणि अशाच खुणांच्या हट्टापायी वाटाघाटीची वाट अरुंद होते.

प्रश्न: अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याच्या धोरणाला मित्रदेशच विरोध करतात, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. चीनने 1964 मधील पहिल्या चाचणीपासूनच प्रथम वापर न करण्याची घोषणा केली आहे. भारताचेही धोरण तेच आहे, काही अपवादांसह. अमेरिकेने अशी घोषणा कधी केलेली नाही. 2022 च्या अमेरिकी अण्वस्त्र धोरण आढाव्यात हा पर्याय तपासून बाजूला ठेवण्यात आला, आणि त्याचे एक कारण असे दिले गेले की काही मित्रदेश अण्वस्त्रांशिवाय होणाऱ्या विध्वंसक हल्ल्यांसमोरही विशेष असुरक्षित आहेत.

या विरोधामागचा तर्क समजून घ्यायला हवा. शेजारी बलाढ्य सैन्य उभे असलेल्या लहान देशाला असे वाटते की शत्रूच्या मनात जितकी अधिक संदिग्धता, तितका आपण सुरक्षित. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीची हीच भूमिका होती. सोव्हिएत रणगाड्यांची बरोबरी करण्याइतके सैन्य उभारणे महाग होते, म्हणून नाटोने अण्वस्त्रांचा आधार घेतला आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात सात हजारांच्या आसपास अमेरिकी अण्वस्त्रे होती. ती ज्या भूमीवर फुटली असती ती प्रामुख्याने जर्मनांचीच होती, ही त्या व्यवस्थेतील विसंगती जर्मनांना चांगलीच ठाऊक होती.

माझ्या मते मित्रदेशांना करता येण्याजोगे सर्वांत मोठे आणि सर्वांत कठीण काम येथेच आहे. संरक्षक देशाने आधी अण्वस्त्र वापरण्याची तयारी ठेवावी, ही मागणी त्यांनी स्वतःहून मागे घेतली पाहिजे. वॉशिंग्टनमधील कोणताही राष्ट्राध्यक्ष हे पाऊल उचलू पाहतो तेव्हा ‘मित्रांचा धीर सुटेल’ हे उत्तर त्याच्यासमोर ठेवले जाते. टोकियो, सोल आणि वॉर्सा यांनी मिळून ‘आमचा धीर सुटणार नाही’ असे लेखी कळवले, तर त्या उत्तराचा आधारच निघून जाईल. अशी घोषणा संकटाच्या वेळी पाळली जाईल का, हा आक्षेप रास्त आहे. पण घोषणेनुसार शस्त्रांची रचना, सराव आणि सज्जता बदलली तर ती केवळ शब्दांपुरती राहत नाही, आणि तो बदल समोरच्याला उपग्रहांतूनही दिसतो.

प्रश्न: मग त्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी कशावर विसंबायचे?

पारंपरिक सैन्यावर. 2025 च्या हेग येथील शिखर परिषदेत नाटो सदस्यांनी 2035 पर्यंत संरक्षण आणि संबंधित बाबींवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के खर्च करण्याचे ठरवले. पैसा किती, यापेक्षा तो कशावर खर्च होतो हे अणुयुद्धाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हवाई संरक्षण, दारूगोळ्याचा साठा, सुरुंग, तटबंदी, दुरुस्तीच्या कार्यशाळा यांनी आक्रमण अवघड होते आणि समोरच्याच्या अण्वस्त्रांना काही इजा होत नाही. याउलट शत्रूच्या अंतर्भागातील आदेश केंद्रांवर आणि पूर्वसूचना रडारांवर मारा करणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे त्याला ‘आत्ताच वापरा, नाहीतर गमवाल’ अशा कोंडीत पकडतात. मे 2024 मध्ये युक्रेनी ड्रोननी रशियातील आर्माविर येथील पूर्वसूचना रडारवर हल्ला केला, तेव्हा युक्रेनच्या पाठीराख्यांनाही चिंता वाटली ती याच कारणाने. अशी क्षेपणास्त्रे अजिबात घेऊ नयेत असे नाही, पण त्यांच्या लक्ष्यांच्या यादीत काय नसावे हे आधीच ठरवलेले असावे.

प्रश्न: आपल्या भूमीवरील परकी अण्वस्त्रे काढून टाकल्याने धोका कमी होतो का?

बेल्जियम, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि तुर्कस्तान येथे अमेरिकेचे सुमारे शंभर बॉम्ब असल्याचे तज्ज्ञ मानतात. सरकारे त्याची अधिकृत पुष्टी करीत नाहीत. कॅनडाच्या भूमीवरून अशी शस्त्रे 1984 मध्ये आणि ग्रीसमधून 2001 मध्ये गेली, आणि दोन्ही देश नाटोमध्ये आजही आहेत. नॉर्वे आणि डेन्मार्क शांततेच्या काळात आपल्या भूमीवर अण्वस्त्रे ठेवू देत नाहीत. म्हणजे ‘आघाडीत राहायचे तर बॉम्ब ठेवावाच लागेल’ हा समज चुकीचा आहे.

अपघातांचा मुद्दा वेगळाच आहे. 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर अमेरिकी बॉम्बफेकी विमान कोसळले. अणुस्फोट झाला नाही, तरी चार हायड्रोजन बॉम्बपैकी दोहोंमधील पारंपरिक स्फोटके फुटून त्यांच्यातील प्लुटोनियम शेतांत पसरले आणि एक समुद्रातून शोधून काढायला सुमारे अडीच महिने लागले. स्पेनने आपल्या आकाशातून अण्वस्त्रे नेण्यास बंदी घातली. दोन वर्षांनी थुलेजवळ तसाच अपघात झाला आणि अण्वस्त्रे घेऊन सतत हवेत राहणाऱ्या विमानांची पद्धतच अमेरिकेने बंद केली. डेन्मार्कचे जाहीर धोरण अण्वस्त्रांविरुद्ध असताना त्याच्या सरकारने आपल्याच अखत्यारीतील ग्रीनलंडबाबत गुपचूप डोळेझाक केली होती, हे 1995 मध्ये उघड झाले. परवानगी द्यायची तर ती संसदेला सांगून द्यावी. चोरून दिलेल्या परवानगीवर अटी घालता येत नाहीत.

नकाराची किंमत मोजावी लागत नाही असे मात्र नाही. न्यूझीलंडने 1980 च्या दशकात अण्वस्त्रवाहू आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना बंदरे बंद केली, तेव्हा अमेरिकेने 1986 मध्ये त्या देशाबाबतची संरक्षणाची बांधिलकी स्थगित केली. न्यूझीलंडने 1987 मध्ये कायदा करून बंदी पक्की केली. भूगोलाने त्याला हे परवडले. रशियाला खेटून असलेल्या एस्टोनियाला परवडेलच असे सांगता येत नाही.

प्रश्न: गैरसमजातून होणारे युद्ध टाळण्यासाठी लहान देश काय करू शकतात?

सूचना वेळेवर आणि योग्य माणसाच्या हाती पोहोचवणे, हे वरवर कारकुनी वाटणारे काम. 25 जानेवारी 1995 रोजी नॉर्वेच्या अँडोया बेटावरून उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन रॉकेट सोडण्यात आले. नॉर्वेने रशियाला आठवडे आधी कळवले होते, पण ती सूचना रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचलीच नाही. रॉकेटचा वेग आणि चढ पाणबुडीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्रासारखा दिसला आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्र आदेशाची पेटी उघडली गेली. नॉर्वेचा दोष नव्हता; पण पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा, हा धडा त्यातून सर्वांनी घेतला.

1986 च्या स्टॉकहोम करारानुसार युरोपातील देशांनी 13,000 किंवा अधिक सैनिकांच्या सरावाची सूचना 42 दिवस आधी देण्याचे मान्य केले होते. 1992 मध्ये झालेल्या मुक्त आकाश करारानुसार निःशस्त्र विमाने एकमेकांच्या प्रदेशावरून उडून छायाचित्रे घेऊ शकत आणि ती कोणत्याही सदस्याला मिळत, त्यामुळे स्वतःचे उपग्रह नसलेल्या देशालाही सीमेपलीकडची हालचाल स्वतः तपासता येई. त्यातून अमेरिका 2020 मध्ये आणि रशिया 2021 मध्ये बाहेर पडला. सामरिक अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदतही 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतचीच होती. मोठे करार ढासळत असताना सीमेवरील शेजाऱ्यांनी आपापसांत सरावांच्या सूचना आणि नौदलांमधील संपर्क चालू ठेवणे, याला महासत्तांच्या परवानगीची गरज नसते.

प्रश्न: शस्त्रे नष्ट केल्याची खात्री अण्वस्त्र नसलेला देश कशी करून घेणार?

हा प्रश्न तांत्रिक असला तरी सर्वांत उपयुक्त कामांपैकी एक येथे झाले आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराप्रमाणे अण्वस्त्राच्या रचनेची माहिती दुसऱ्याला देणे निषिद्ध आहे, मग निरीक्षकाने बंद पेटीत खरोखर अण्वस्त्रच आहे हे ओळखायचे कसे? नॉर्वे आणि ब्रिटन यांनी 2007 पासून यावर संयुक्त संशोधन केले. मोजमाप करणाऱ्या यंत्राभोवती ‘माहितीची भिंत’ उभारायची. यंत्र आतील किरणोत्सर्ग मोजेल, पण बाहेर फक्त हिरवा किंवा लाल दिवा दाखवील. सरावात खऱ्या अण्वस्त्राऐवजी कोबाल्ट-60 चा स्रोत वापरला गेला. खरी अडचण यंत्राच्या विश्वासार्हतेची निघाली: यंत्र यजमानाने बनवले तर पाहुण्याला शंका, पाहुण्याने बनवले तर यजमानाला भीती, म्हणून दोघांनी मिळून बनवायचे.

चाचण्या ओळखण्याचे कामही याच जातीचे आहे. व्यापक चाचणीबंदी कराराचा मसुदा जिनिव्हात अडला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने तो सप्टेंबर 1996 मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेऊन संमत करून घेतला. करार अजून अमलात आलेला नाही, पण त्याच्या 337 केंद्रांच्या नियोजित जाळ्यातील बहुतेक केंद्रे सुरू आहेत आणि उत्तर कोरियाच्या 2006 ते 2017 या काळातील सहाही चाचण्या त्याने टिपल्या.

प्रश्न: शत्रूपक्षाशी बोलणे म्हणजे आघाडीत फूट पाडणे नव्हे का?

बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री पिएर हार्मेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1967 च्या अहवालात नाटोनेच मान्य केले की संरक्षणाची तयारी आणि तणाव निवळवण्याचे प्रयत्न ही दोन्ही आघाडीची कामे आहेत. त्यानंतर पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी मॉस्को, वॉर्सा आणि पूर्व बर्लिनशी करार केले. वॉशिंग्टनमध्ये त्याबद्दल साशंकता होती, पण युरोपातील सर्वांत स्फोटक प्रश्न त्यामुळे बराच शांत झाला. अलीकडे, नोव्हेंबर 2022 मध्ये, जर्मन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांच्यावर बीजिंगला जाण्याबद्दल बरीच टीका झाली. त्या भेटीत शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांचा वापर आणि वापराची धमकी या दोन्हींना विरोध व्यक्त केला. रशियाला हे वाक्य ऐकवू शकेल असा दुसरा देश त्या वेळी शोधून सापडला नसता.

प्रश्न: म्हणजे विरोधी गटाच्या मित्रदेशांवरही जबाबदारी आहे?

निश्चितच. 1999 च्या कारगिल संघर्षात पाकिस्तानला त्याच्या जुन्या मित्राकडून, चीनकडून, अपेक्षित पाठिंबा मिळाला नाही. चीनने तटस्थ भूमिका घेतली, आणि 4 जुलै रोजी नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये माघारीचे मान्य करावे लागले. मित्राने हात आखडता घेणे हा कधीकधी मोठा उपकार असतो.

प्रश्न: मित्रदेशांनी अण्वस्त्रबंदी करारावर सही करावी का?

7 जुलै 2017 रोजी 122 देशांनी संमत केलेला आणि 22 जानेवारी 2021 पासून अमलात असलेला हा करार अण्वस्त्रे बाळगणे, ठेवू देणे आणि त्यांच्या वापराची धमकी देणे यांना मनाई करतो. नाटोतील कोणत्याही देशाने सही केलेली नाही, आणि आजच्या धोरणानुसार त्यांना ती करता येणेही कठीण आहे. पण 2022 च्या पहिल्या बैठकीला जर्मनी, नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया निरीक्षक म्हणून बसले. चाचण्यांच्या बळींना मदत आणि दूषित भूमीची स्वच्छता या करारातील तरतुदींसाठी सही न करताही पैसा आणि डॉक्टर पुरवता येतात. सहीचा वाद सोडवण्याची वाट पाहत हे काम अडवून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न: संरक्षक देशावरचा विश्वास उडाला तर स्वतःची अण्वस्त्रे बनवणे शहाणपणाचे ठरेल का?

ही चर्चा सोल आणि वॉर्सा येथे आता उघडपणे होते. दक्षिण कोरियाने 1970 च्या दशकात गुप्त कार्यक्रम सुरू केला होता आणि अमेरिकेच्या दबावामुळे तो सोडला. अण्वस्त्र तयार होण्याआधीची काही वर्षे सर्वांत धोक्याची असतात, कारण ते रोखण्यासाठी आधीच हल्ला करण्याचा मोह शेजाऱ्याला होतो. शिवाय 191 सदस्यांचा प्रसारबंदी करार मित्रदेशांनीच मोडला, तर इतरांना तो पाळायला कोणत्या तोंडाने सांगणार? 2023 मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियाने स्थापन केलेला अण्वस्त्रविषयक सल्लागार गट हा यावरचा मधला मार्ग आहे. त्याचा उपयोग केवळ अधिक पाणबुड्या बंदरात आणवण्यासाठी न करता, पेचप्रसंगात काय करायचे नाही हे ठरवण्यासाठीही झाला, तर तो सार्थकी लागेल.

प्रश्न: या देशांतील नागरिकांना यात काही स्थान आहे का?

2017 च्या अण्वस्त्रबंदी वाटाघाटींवर नाटोच्या सदस्यांनी बहिष्कार टाकला. अपवाद होता नेदरलँड्सचा. नागरिकांनी सह्यांची मोहीम चालवून विषय संसदेत आणला आणि संसदेने सरकारला भाग घ्यायला लावले. शेवटी नेदरलँड्सने विरोधात मत दिले, आणि विरोधातील ते एकमेव मत होते. पण त्यासाठी त्याला आपली कारणे सभागृहात उभे राहून, नोंद होईल अशा पद्धतीने मांडावी लागली. बाकीच्या मित्रदेशांच्या मंत्र्यांना त्यांच्या मतदारांनी तेवढेही करायला लावले नव्हते.